दुखतं का, हे विचारायचं नसतं

सोमवार, २ सप्टेंबर

आजपासून शाळा. बावन्नाव्या वर्षी, तिसऱ्या बाकावर. बाक इतका अरुंद की आत शिरताना पोट आवळून धरावं लागलं. वर्गात माझ्याशिवाय दहा जण, सगळे माझ्या मुलीच्या वयाचे किंवा तिच्याहून लहान. शिकवणाऱ्या मॅडम एकतीस वर्षांच्या. आत आल्या आणि मला बघून दारातच क्षणभर थांबल्या. कुणाचे तरी वडील सोडायला आलेत असं वाटलं असावं.

हे कशासाठी चाललंय ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पळून जावंसं वाटलं की वाचता येईल. एकोणतीस वर्षं मी सुटाच्या दुकानात कटर होतो. एप्रिलमध्ये मालकांनी दुकान विकलं. माझं कापायचं टेबल होतं तिथे आता मोबाइल मांडून ठेवलेत. त्यानंतर चार महिने घरात येरझाऱ्या घातल्या. कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला म्हणाला, "मास्तर, माझ्याकडे आल्टरेशनला बसा. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. खुर्ची तुमची, पण जूनपर्यंतच थांबेन." मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात हिने पोस्टातल्या फलकावर लावलेली जाहिरात उतरवून आणली: कृत्रिम पाय तयार करण्याचं शिक्षण, नऊ महिने, हातकाम येणाऱ्यांना वयाची अट नाही. ही पोस्टात खिडकीवर बसते, सगळ्या जगाच्या जाहिराती आधी हिलाच दिसतात. फॉर्म हिनेच भरला. मी सही केली.

शेवटी एक परीक्षा. आपण बनवलेला पाय घालून पेशंटने पंधरा मिनिटं चालायचं. पास झालो तर इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये जूनमध्ये एक जागा भरायची आहे. नापास झालो तर पँटी आखूड करायच्या, मरेपर्यंत. एवढं सोपं गणित आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

बसवत नाही. चाळीस मिनिटं एका जागी बसून ऐकायची सवयच नाही या अंगाला, मी आयुष्यभर उभ्याने काम केलं. मधल्या सुट्टीत इमारतीला चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला पहारेकऱ्याने विचारलं, "काही हरवलंय का?"

मंगळवार, १७ सप्टेंबर

हाडं आणि स्नायूंची पहिली चाचणी. वीसपैकी नऊ. शेजारी बसणाऱ्या मुलीला एकोणीस. ती कधी लिहिताना दिसत नाही, नुसती नखं खाते. तिने माझा पेपर पाहिला आणि म्हणाली, "मास्तर, मी शिकवू का?" सगळे मला मास्तरच म्हणतात. सगळ्यात ढ विद्यार्थी आणि नाव मास्तर. मी म्हणालो, नको, मला येतं. येत नव्हतं.

घरी हिने विचारलं, "कसं झालं?"

"ठीक."

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे ठीक."

तिने पुढे काही विचारलं नाही. बरं वाटलं. हिचा हा गुण मला फार आवडतो, खोदून विचारत नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज शोभा झाली. एकमेकांची मापं घेऊन फाइलमध्ये लिहायची होती. माझ्या वाट्याला वर्गातला एक जाडजूड मुलगा आला. मी फीत फिरवली, दोन मिनिटांत बारा मापं घेतली. माप घेण्यात मला कोण हरवणार? मग मॅडमनी माझी फाइल उचलली आणि सगळ्या वर्गासमोर वाचली: "डावीकडे उतार. पाहुणा आहे. कमान, दीड. हे काय आहे, मास्तर?"

आता काय सांगणार? दुकानात आमची भाषा होती. गिऱ्हाइकाचा एक खांदा खाली असेल तर कटर ओरडून सांगायचा, "उतार!" पोट सुटलं असेल तर, "पाहुणा आहे!" पाठीला बाक असेल तर कमान. लिहिणारा तसंच लिहून घ्यायचा. गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघत उभं, त्याला काही पत्ता नाही. मग आम्ही खाली असलेल्या खांद्यात कापसाची एक घडी जास्त घालायचो, पोटाला गुपचूप एक इंच सोडायचो. ज्यांनी मला शिकवलं ते म्हातारे मास्तर म्हणायचे, माणसाच्या अंगातलं वैगुण्य त्याला बोलून दाखवायचं नाही आणि विचारायचं तर त्याहून नाही. हाताला कळलं ना, मग तोंड बंद. एकोणतीस वर्षांत माझ्या एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही की त्याचे खांदे सारखे नाहीत. मला त्याचा अभिमान आहे.

हे मी मॅडमना सांगितलं. मुलं हसली. तो जाडा मुलगा सगळ्यात जास्त हसला, "पाहुणा मुक्कामाला आहे, मास्तर!" मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथे उलट आहे. जे दिसेल ते साध्या शब्दांत लिहायचं, पेशंटला वाचून दाखवायचं आणि दाबून विचारायचं, दुखतंय का. त्याला माहीत नसलेलं तुम्हाला माहीत असेल तर तो पडेल."

समजलं. पण दुसऱ्याच्या मोडलेल्या अंगावर बोट ठेवून "दुखतं का" विचारणं म्हणजे मला कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटतं. बाईंचं वय तरी काय. त्यांना माणसाची इभ्रत कळायला अजून वेळ आहे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज खूप आनंद झाला, लिहायलाच हवं. पायाच्या साच्यात प्लास्टर ओतून जो पांढरा ठोकळा निघतो तो कानशीने तासायचा. जिथे वजन पेलायचं तिथे तासून कमी करायचं, जिथे हाड वर आलंय तिथे प्लास्टर चढवायचं, म्हणजे वरून बनणाऱ्या वाटीत तेवढी जागा राहते. या वाटीतच उरलेला पाय बसतो. सगळा खेळ त्या वाटीचा. हातात कानशी आली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझे पाय स्थिर झाले. पोरं ओबडधोबड तासत होती. माझा ठोकळा मॅडमनी डोळे मिटून हाताने चाचपला आणि म्हणाल्या, "हे शिकवता येत नाही, मास्तर."

मग जाता जाता म्हणाल्या, "बाकीचं शिकवता येतं. सोडून जाऊ नका." मी सोडून जाणार आहे असं यांना कुणी सांगितलं? लाँड्रीवाल्याशी मी परवाच बोललो, तेही सहज.

गुरुवार, १६ जानेवारी

प्रत्येकाला एक पेशंट मिळाला. परीक्षेपर्यंत तोच. माझ्या वाट्याला क्रेनवाला.

वय चव्वेचाळीस. बंदरावर उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून लोखंडाचे गठ्ठे उतरवायचा. डावा पाय गुडघ्याखाली गेलाय. आल्या आल्या कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि म्हणाला, "सतरा वर्षं वर बसलो, केसाला धक्का नाही. एक दिवस चहा प्यायला खाली उतरलो, तर गठ्ठा सुटला. तेव्हापासून चहा सोडला!" स्वतःच मोठ्याने हसला. कंपनीने त्याला सांगितलंय, जूनअखेर शिडी चढून दाखव, केबिन तुझी. नाहीतर गोदामात नटबोल्टांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटव. "मास्तर, मला वरून बघायची सवय आहे. गोदामात बसवलं तर महिन्याभरात गोदाम पेटवीन."

माणूस लाख आहे. आम्हा दोघांचाही जून. मी त्याला माझं काही सांगितलं नाही, पण त्याला वर्गातल्या माझ्या शेजारच्या मुलीकडून कळलंच. "म्हणजे तुमची खुर्ची माझ्या खुंट्यावर टेकलीय होय? मग काळजी सोडा."

मापं घेतली, मग अंगठ्याने दाबत दाबत गुडघ्याखालून गेलो. बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकाशी अंगठा गेला तेव्हा तो बोलता बोलता थांबला. खिडकीबाहेर बघितलं आणि मग एकदम जोरात क्रेनची एक गोष्ट सुरू केली. मी हात काढून घेतला. गोष्ट चांगली होती. फाइलमध्ये "दुखतं का" या रकान्यापुढे लिहिलं: नाही. पेशंट समाधानी.

मंगळवार, २८ जानेवारी

साचा झाला, ठोकळा झाला, तासणी झाली. त्या बाहेरच्या हाडाशी मी थोडं प्लास्टर जास्त चढवलं. मग वाटलं, पुढच्या बाजूलाही असू द्यावं. मग मागेही. ताठ माणूस आहे, बोलायचा नाही, आपणच समजून घ्यावं. गिऱ्हाइकाला श्वास घ्यायला जागा ठेवली की तो कधी तक्रार घेऊन येत नाही, हा माझा अनुभव.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पडला.

दोन लोखंडी दांड्यांच्या मधून चालायचं असतं. आठ-दहा पावलं झकास टाकली, वळला, दांडी सोडली आणि हसत माझ्याकडे हात केला, आणि वाटी पायात गरकन फिरली. तोंडावर आपटला असता, कोपर पुढे आलं म्हणून वाचला. कोपर फुटलं. मी जागेवरून हललोच नाही. ती नखं खाणारी मुलगी धावली, मॅडम धावल्या, मी फीत हातात घेऊन उभा.

मॅडमनी वाटीत दोन बोटं घातली. बोटं आरामात फिरली. "मास्तर, हा काय कोट आहे? आत कोण राहणार आहे अजून?" मग त्यांनी त्याचा पाय हातात घेऊन दाबला आणि विचारलं, "इथे दुखतं? इथे?" तो म्हणाला, "छे हो. अजिबात नाही. सैल होतं एवढंच. मास्तरांची चूक नाही, मीच आगाऊपणा केला."

तो गेल्यावर मॅडमनी दार लोटलं. "सगळीकडे जागा का सोडली?"

मी म्हणालो, "त्रास होऊ नये म्हणून."

"कुठे त्रास होतो हे विचारलंत?"

"तो म्हणतो ठीक आहे."

"तुम्हीही रोज मला ठीक आहे म्हणूनच सांगता," त्या म्हणाल्या. या बोलण्याचा इथे काय संबंध, कळलं नाही. माझा फार अपमान झाला. एकतीस वर्षांच्या पोरीने दार लोटून रागवायचं आणि आपण ऐकून घ्यायचं.

पण त्याचं कोपर फुटलं, ते माझ्यामुळे. जेवण गेलं नाही. हिने विचारलं, मी म्हणालो पोट बरं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वर्गाला गेलो नाही. सकाळी घरातून वेळेवर निघालो आणि लाँड्रीत जाऊन बसलो. लाँड्रीवाल्याने कौतुकाने खुर्ची पुसून दिली. एक पँट आखूड केली, एका स्कर्टची चेन बदलली, कोटाचं अस्तर सांधलं. हात आपोआप चालत होते. कुणी पडण्याची भीती नाही. तासाभरात तीन कामं झाली आणि चौथ्या कामाला हात लागेना. उठलो, दाराशी गेलो, परत आलो, पुन्हा उठलो. लाँड्रीवाला म्हणाला, "मास्तर, खुर्चीत खिळे आहेत का?"

दुपारी रस्त्याने जाणाऱ्या माणसांचे पाय बघत उभा राहिलो. कोण कुठल्या पायावर वजन टाकतो, कुणाची टाच आत झिजलीय. पूर्वी मला फक्त खांदे दिसायचे. हे कधी सुरू झालं ते आठवत नाही. वैताग आहे नुसता. आता इकडचाही राहिलो नाही आणि तिकडचाही नाही.

घरी आल्यावर हिने माझा शर्ट हातात घेतला. "आज प्लास्टर नाही?" म्हणाली. मी म्हटलं, आज पुस्तकी तास होता. तिने मान डोलावली. मग बराच वेळाने, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लाँड्रीवाल्याचं पार्सल घ्यायला त्याचा भाऊ पोस्टात आला होता. खुर्ची चांगली आहे म्हणे."

पुढे काही नाही. मला वाटतं तिचीही इच्छा मी खुर्ची घ्यावी अशीच असावी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गेलो. का गेलो, विचारू नका. कुणी विचारणारच नाही म्हणा, वही आहे. मॅडमनी हजेरी घेताना वर बघितलं नाही, पण काल माझ्या नावापुढे गैरहजर लिहिलेलं नव्हतं. विसरल्या असतील.

बुधवार, ५ मार्च

दुसरी वाटी. या वेळी मन घट्ट करून तासलं. जिथे वजन घ्यायचं तिथे खरवडून काढलं, फक्त त्या बाहेरच्या हाडाशी जराशी जागा ठेवली. शेजारची मुलगी बघून म्हणाली, "तिथेच का?" मी म्हणालो, हाताला वाटलं म्हणून. "त्यांना विचारलंत?" हीही मॅडमची भाषा बोलायला लागली.

क्रेनवाल्याने पाय घातला. उभा राहिला. चेहरा एकदम गंभीर झाला, मग हसला. "मास्तर, हा पाय नाही, जावई आहे. घट्ट धरून बसलाय." दहा मिनिटं चालला. कपाळावर घाम होता, वर्कशॉपमध्ये गरम होतं. मी आज धीर करून विचारलंच, "दुखत तर नाही ना?"

"नाही हो!"

झालं. विचारलं. मॅडम खूश होतील.

बुधवार, ९ एप्रिल

क्रेनवाला रोज येतो, वेळेच्या आधी. पाय पुसायचं फडकं तो स्वतःच आणतो आणि स्वतःच घेऊन जातो, आम्हाला धुवायला टाकू देत नाही. स्वच्छतेचा भोक्ता आहे. पंधरा मिनिटं आता सहज होतात. भिंतीवरची लोखंडी शिडीही चढून बघतो. मॅडम ओरडल्या की परीक्षेपर्यंत शिडी नको. त्यांची पाठ वळली की तो दोन पायऱ्या चढतो आणि वरून मला सलाम ठोकतो.

मला मात्र झोप नाही. तीन-तीनदा उठून पाणी पितो. मुलीचा फोन आला होता, "बाबा, टेन्शन आलंय का?" म्हटलं, छे गं, मजेत आहे. नंतर ऐकू आलं, ही तिला आतल्या खोलीतून फोनवर सांगत होती, "तुझ्या बाबांना विचारून काही उपयोग नाही. मला विचारत जा." काय विचारायचं ते कळलं नाही.

सोमवार, १९ मे

उद्या. शर्टाला तीनदा इस्त्री केली. वाटीची कड बोटाने शंभरदा तपासली. क्रेनवाला म्हणाला, "मास्तर, तुम्ही नुसतं उभं राहा. चालायचं माझं काम." दोन दिवस पाय घरी नेला होता, तेव्हा तिथेही शिडी चढत होता असं त्याच्या तोंडून निघून गेलं.

मंगळवार, २० मे

आज अक्षर वाईट येईल.

परीक्षक बाहेरगावाहून आले होते. वयस्क गृहस्थ, जाड चष्मा, बोलणं मोजकं. वाटी पाहिली, आतून हात फिरवला, कड पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आधी काय करत होतात?" "सूट कापत होतो." "दिसतंय," म्हणाले. मॅडमनी खाली बघून हसू दाबलं. मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

घड्याळ लावलं. क्रेनवाला चालायला लागला. सरळ, वळण, उतरण, पुन्हा सरळ. तोंडाची टकळी चालू, "साहेब, तुमच्यापेक्षा बरा चालतोय की!" पाच मिनिटं. आठ मिनिटं. दहाव्या मिनिटाला मला तो खांदा दिसला. डावा खांदा. प्रत्येक पावलाला पाऊण इंच उतरत होता. सकाळी आला तेव्हा उतरत नव्हता. जानेवारीपासून मी हा माणूस बघतोय, त्याचे खांदे मला पाठ आहेत. परीक्षकांचं लक्ष पायाकडे होतं, मॅडम घड्याळ बघत होत्या. खांदा फक्त मलाच दिसत होता.

बाराव्या मिनिटाला तो माझ्या समोरून गेला. हसत होता. वरचा ओठ दातांवर ताणून धरला होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान बारीक हलवली, नको म्हणून. तीन मिनिटं राहिली होती. गप्प राहिलो असतो तर तीन मिनिटांनी पास झालो असतो. मला ते सगळं दिसत होतं: ती जागा, माझं टेबल, माझी कानशी. मनात ठरवलंही होतं की गप्प राहायचं. आणि तोंडातून निघालं, "थांबा. बसा."

"काय झालं? झकास आहे," क्रेनवाला म्हणाला, पाय न थांबवता.

"दुखतंय तुम्हाला."

"नाही."

"खोटं बोलताय. बसा खाली."

मी पुढे होऊन त्याला धरलं आणि स्टुलावर बसवलं. त्याने वाटीवर दोन्ही हात दाबून धरले, पाय काढू देईना. हळूच म्हणाला, "मास्तर, गप बसा ना हो. पाया पडतो." मी पाय काढला. आत घातलेला मोजा लाल झाला होता. परीक्षक वाकले, बघितलं, सरळ झाले आणि घड्याळ बंद केलं. बारा मिनिटं चाळीस सेकंद. त्यांनी कागदावर लिहिलं, मला वाचून दाखवलं: वेळ पूर्ण नाही, जखम, अनुत्तीर्ण. मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "मला दिसलं नव्हतं." बस, एवढंच.

बाहेरच्या व्हरांड्यात क्रेनवाला माझ्यावर तुटून पडला. "मूर्खा! तुझ्यासाठी जीव मुठीत धरून चालत होतो मी! तीन मिनिटं! तीन मिनिटं तोंड बंद ठेवता आलं नाही तुला? एकोणतीस वर्षं ठेवलंस ना?" पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं. कुबड्या आपटत गेला.

घरी आलो. ही अर्धी रजा टाकून आली होती, दारातच उभी. विचारलं, "कसं झालं?"

मी म्हणालो, "नापास झालो. फार वाईट वाटतंय. गेल्या सप्टेंबरपासून रोज वाईट वाटतंय. मला भीती वाटते गं."

तिने माझी पिशवी घेतली, मला आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. मग स्वतःच रडायला लागली. म्हणाली, "किती वेळ लावलात हो सांगायला." मला वाटत होतं तिला काही दिसत नाही.

बुधवार, २१ मे

ती जागा शेजारच्या मुलीला मिळाली. योग्य मिळाली. तिने मला पेढा वगैरे देण्याचा आव आणला नाही, नुसती येऊन उभी राहिली आणि नखं खायला लागली. मी म्हणालो, अगं, काम छान आहे तुझं. ते खरंही आहे.

मॅडमनी पुढच्या वर्षीच्या फेरपरीक्षेचा फॉर्म दिला. तोवर लाँड्री. एक जूनपासून, सकाळी नऊ ते सहा. मॅडम म्हणाल्या, संध्याकाळी वर्कशॉप आठपर्यंत उघडं असतं. मी म्हटलं, बघू. फॉर्म खिशात आहे, दोनदा काढून वाचला.

अकरा वाजता क्रेनवाला आला. मला वाटलं नव्हतं येईल. कुबड्या टेकवल्या, स्टुलावर बसला, पाय पुढे केला आणि तिसरीकडेच बघत म्हणाला, "मला पाय लागणारच आहे. तू नाही तर कोण करणार?"

मी पेन्सिल घेतली, त्याच्यासमोर खाली बसलो. विचारलं, "कुठे दुखतं?"

त्याने बोट ठेवलं. "इथे. ही कालची जखम." मी खूण केली. "इथे खाली, थोडं." दुसरी खूण केली. मग त्याचं बोट गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाकडे गेलं आणि वरच्या वर थांबलं, टेकलं नाही. "आणि इथे."

"हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

जानेवारीपासून. त्या प्रत्येक दिवशी मी फाइलमध्ये लिहीत होतो, नाही. पेशंट समाधानी. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"आत काहीतरी गाठ आहे," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर डॉक्टरांनी पुन्हा कापलं असतं. दोन-तीन महिने आडवा. जून हातचा गेला असता."

"आणि आता?"

"आता गेलाच की." या वेळी तो हसला नाही. "केबिन गेली, मास्तर."

मी फाइल उघडली. साध्या शब्दांत लिहिलं: गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकाशी गाठ असावी, जानेवारीपासून दुखतं, मी विचारलं नाही. त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "डॉक्टर विचारतील नक्की कुठे. दाबून बघ."

मी अंगठा ठेवला आणि दाबला. तो किंचाळला. वर्कशॉपमधली सगळी कामं थांबली, मॅडम दारात आल्या. मी अंगठा काढला नाही.

"इथेच ना?" मी विचारलं.

"इथेच," तो म्हणाला.